कोळशाचं पाणी, लाकडाची आग

मानपाड्याच्या एमआयडीसीतल्या शर्वरी डाइंगमध्ये एका सोमवारी 'कोळसा' हा शब्द उच्चारायला बंदी आली.

नोटीस कँटीनच्या दारावर लावली होती आणि खाली विनीत पोंक्षेची सही होती. विनीत हा कंपनीचा सस्टेनेबिलिटी ऑफिसर. वय अठ्ठावीस, केस नीट, चेहरा सतत काहीतरी अपलोड होत असल्यासारखा. मालकांच्या मते हे काही दिवसभर पुरेल एवढं काम नव्हतं, म्हणून पार्किंग आणि कँटीनच्या नोटिसाही त्याच्याकडेच होत्या.

उत्तम शेवाळेने नोटीस दोनदा वाचली आणि गळ्यातलं ओळखपत्र उलटं करून पाहिलं. पत्ता : कोळसेवाडी, कल्याण पूर्व. त्याने ते नेऊन विनीतला दाखवलं. विनीतने बराच वेळ विचार केला. मग ड्रॉवरमधून एक पांढरा स्टिकर काढून पहिल्या शब्दावर चिकटवला. त्या दिवसापासून उत्तम नुसताच कल्याण पूर्वेला राहू लागला.

उत्तम हा शर्वरीचा बॉयलरवाला, बावीस वर्षांचा जुना. राहायला कोळसेवाडी आणि कामाला कोळसा, हा विनोद प्रत्येक नव्या माणसाने त्याला ऐकवला होता आणि प्रत्येक वेळी तो हसला होता. कंटाळा आलाय हे समजावून सांगण्यापेक्षा हसायला कमी ताकद लागते, हे त्याला फार लवकर कळलेलं.

कारखान्यात टॉवेल रंगवत. रंगाला गरम पाणी लागतं, गरम पाण्याला वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो आणि बॉयलरला उत्तम लागतो. गेल्या वर्षापर्यंत या साखळीच्या टोकाला दगडी कोळसा होता. मग टॉवेल विकत घेणाऱ्या परदेशी कंपनीचं पत्र आलं, की कोळशावर रंगवलेल्या टॉवेलने अंग पुसणं त्यांच्या गिऱ्हाइकांना यापुढे जमणार नाही. मालकांचं झाडांवरचं प्रेम तोवर केबिनमधल्या मनीप्लांटपुरतं होतं, पण पत्राखालचा ऑर्डरचा आकडा वाचून ते एका दुपारीत जंगलाएवढं झालं. कोळसा बंद झाला आणि लाकडाच्या गिरण्यांतला भुसा दाबून केलेले दांडके यायला लागले. जाडीला वरवंट्याएवढे, रंगाला बिस्किटासारखे.

इथवर सगळं ठीक होतं. घोळ असा, की या दांडक्यांना बाजारात 'पांढरा कोळसा' म्हणतात. त्यात पांढरं काही नसतं आणि कोळसाही नसतो. पण नाव कुणी ठेवलं हे शोधून उपयोग नव्हता, कारण आठ महिने सगळ्या चलनांवर आणि रजिस्टरांत तेच लिहिलं गेलेलं : पांढरा कोळसा, चार टन. पांढरा कोळसा, पाच टन. हे कागद परदेशात गेले, तिथे कुणीतरी शब्दाला शब्द लावून भाषांतर केलं आणि उत्तर आलं, की आमच्या धोरणात कोळशाच्या रंगाबाबत कुठलीही सवलत नाही. आमच्या ऑडिटर येऊन बघतील.

विनीतने आधी रजिस्टरांतल्या 'कोळसा' या शब्दावर व्हाइटनर फिरवायला घेतला. नोंदी आता नुसत्या 'पांढरा, चार टन' अशा दिसायला लागल्या. तिसरं रजिस्टर संपता संपता त्याच्या लक्षात आलं, की यामुळे तर आपण काहीतरी लपवतोय असं वाटतंय. मग दोन दिवस तो ब्लेडने व्हाइटनर खरवडत बसला. शेवटी प्रत्येक पानाखाली त्याने तीच टीप लिहिली : 'पांढरा कोळसा म्हणजे लाकूड.' वाचणाऱ्याला ती एखाद्या साक्षात्कारी बाबाची वही वाटली असती.

यापुढे सगळ्यांनी 'वृक्षाधारित जैवइंधन' असं म्हणायचं ठरलं. उत्तमने ते एकदा रजिस्टरात लिहून पाहिलं. 'क्ष' काढेपर्यंत बॉयलरचं प्रेशर अर्धा किलो खाली आलं. अकाउंट्समधल्या कादंबरी मॅडमच्या तोंडून एकदा 'कोळसा उगाळावा तितका काळाच' निघून गेलं, तर त्यांना वाक्य पुन्हा बोलायला लावलं. वृक्षाधारित जैवइंधन उगाळावं तितकं काळंच, असं त्या गंभीरपणे म्हणाल्या आणि उरलेला दिवस कुणाशी बोलल्या नाहीत.

उत्तमला या सगळ्याचं हसू यायला हवं होतं. पण तो दमलेला होता.

म्हणजे कसा दमलेला, तर खरा कोळसा होता तेव्हा फावड्याने टाकला, सळईने पसरला, भट्टीचं दार लावलं, की वीस मिनिटं तो आपला आपण जळायचा. वीस मिनिटांत माणूस बसतो, पाठ टेकतो, चहा पितो, भिंतीकडे बघतो. बावीस वर्षं उत्तमचं आयुष्य अशा वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांवर चाललेलं. कोळसा म्हणजे गावाकडचा म्हातारा, एकदा भाकरी खाल्ली की संध्याकाळपर्यंत तोंड उघडायचा नाही. हे नवीन म्हणजे शाळेतून घरी आलेलं पोर. आत टाकलं, भडकलं, संपलं, आणि सहाव्या मिनिटाला भट्टी पुन्हा आ करून तयार. त्यातून पावसात पोती भिजली, की दांडके फुगून पुन्हा भुसा व्हायचे. मग तो भुसा घमेल्याने टाकायचा आणि अर्धा स्वतःच्या डोक्यावर घ्यायचा.

हवा मात्र चांगली झाली होती, हे उत्तमला मान्य होतं. खाकरल्यावर आता काळं पडत नव्हतं. बायको कल्पिता त्याचे शर्ट बाकीच्या कपड्यांसोबत धुवायला लागली, हा तर लग्नानंतर एकवीस वर्षांनी मिळालेला मान होता. फक्त झोपेतही त्याचा उजवा हात वर-खाली व्हायला लागला. खांदा असा गेला, की भांग डाव्या हाताने पाडावा लागे आणि तो दिसायचाही तसाच. डॉक्टर म्हणाले, विश्रांती घ्या. उत्तमने विचारलं, किती वाजता.

म्हणून तो विनीतकडे गेलेला, दुसरा माणूस मागायला. विनीत तसा मनाचा वाईट नव्हता. त्याने मालकांना विचारलं आणि उत्तर घेऊन आला. प्रमाणपत्र आलं तर लाकडाचा बॉयलर कायम, आणि बॉयलरवर दोन माणसं मंजूर. नाही आलं तर मालक गॅसचा बॉयलर बसवणार. तो बटणावर चालतो, त्याला माणूसच लागत नाही, उत्तमला वापीच्या कारखान्यात पाठवतील. कल्पिताची कोळसेवाडीत बालवाडी होती, मुलगी सान्वी बारावीला होती. वापीला तो एकटाच जाणार आणि तिथे म्हणे अजून खराच कोळसा होता. थोडक्यात, प्रमाणपत्र आलं तर दोन माणसं, नाही आलं तर शून्य. सध्या जो एक माणूस होता, तो कुठल्याच हिशेबात नव्हता.

मग विनीतने सगळ्या कामगारांची तयारी करून घेतली. रंगाऱ्यांपासून वॉचमनपर्यंत प्रत्येकाकडून उत्तरं पाठ करून घेतली. कोणते इंधन वापरता? वृक्षाधारित जैवइंधन. आधी काय वापरत होता? त्याची आम्हाला आठवण येत नाही. यातून एकच माणूस सुटला. ठमाबाई.

ठमाबाई कँटीनला चहा करायची. मोठागावच्या खाडीकडची, साठीची, आवाज असा की वाऱ्याविरुद्ध होडीतून हाक मारायची सवय कळावी. ती दोन प्रकारचा चहा करायची, एक दुधाचा आणि एक बिनदुधाचा. बिनदुधाच्याला ती पहिल्या दिवसापासून 'कोलसा' म्हणायची. म्हणून सगळेच म्हणायचे. ठमाबाय, दोन दूध चार कोळसा. पंधरा वर्षांत कुणाच्याच कानाला त्यात कोळसा ऐकू येईनासा झाला होता, जसं चहापाणी म्हटल्यावर कुणी पाणी शोधत नाही. विनीतला आठच महिने झालेले आणि तो वरच्या मजल्यावर मशीनची कॉफी प्यायचा. त्यामुळे बंदी घालणाऱ्याला हे माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं त्यांना त्यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटलं नाही.

ऑडिटर आल्या गुरुवारी. उर्वी दातार, पुण्याच्या. स्वतःचं हेल्मेट आणि स्वतःची पाण्याची बाटली घेऊन आलेल्या. हातातल्या टॅबलेटवर त्या प्रश्न वाचायच्या, उत्तर भरायच्या, पुढे जायच्या. पोती उघडून दांडके मोडून पाहिले, राखेत बोट घातलं, रजिस्टरांतली 'पांढरा कोळसा म्हणजे लाकूड' ही टीप एकशे बारा पानांवर वाचली आणि एकशे तेराव्या पानावर विनीतकडे जरा काळजीने पाहिलं. पण सगळं हिरवं होत गेलं. बॉयलरपाशी उत्तमने 'वृक्षाधारित जैवइंधन' न अडखळता म्हटलं आणि त्या चक्क हसल्या.

आता एक मुलाखत राहिलीय, त्या म्हणाल्या, कुठल्याही एका कामगाराची, आम्ही निवडू त्याची, आणि तिथे मॅनेजमेंटचं कुणी नको. विनीत बाहेर गेला. उत्तमही निघाला, पण चालू बॉयलर सोडून जाता येत नाही, तो नियमच आहे. तेव्हा असं ठरलं, की उत्तम तिथेच थांबेल पण तो तिथे नाही असं धरलं जाईल. नेमकी तेवढ्यात ठमाबाई रिकामे ग्लास गोळा करायला आत आली.

"मावशी, जरा बसता का?" उर्वी मॅडम म्हणाल्या.

ठमाबाई पोत्यावर बसली. उत्तमने भट्टीत दांडका टाकला.

"इथला कोळसा कधी बंद झाला, आठवतंय?"

"बंद? कोन बोललं बंद?" ठमाबाई म्हणाली. "आताच दिला ना सगल्यांना."

मॅडमनी मान वर केली. "आज?"

"रोज. दोन टाइम. पावसात तीन." तिने हनुवटीने उत्तमकडे खूण केली. "तो तर कोलशाबिगर उभा नाय र्‍हात."

"मॅडम," उत्तम म्हणाला.

"तुम्ही इथे नाही आहात," मॅडम म्हणाल्या. टॅबलेटवर त्यांचं बोट चालत होतं. "मावशी, हा ठेवलेला कुठे असतो?"

"माझ्या डब्यात. वरती, फलीवर. नायतर मुंग्या येतान."

मुंग्यांपाशी मॅडमचं बोट क्षणभर थांबलं, पण त्या पुढे गेल्या. उत्तम घसा खाकरत होता. नसलेल्या माणसाने जितकं खाकरावं त्यापेक्षा हे बरंच जास्त होतं. त्याने गरज नसताना तीन दांडके भट्टीत टाकले. वाफेचा काटा वर चढला, आणि आपला दुसरा माणूस, जो अजून आलाच नव्हता, तो वापीच्या गाडीत चढताना त्याला दिसायला लागला.

"मालकांना माहितीय हे?"

"तेच तं मांगतान पयले. पन तेंचा आल्याचा, बिनसाखरेचा."

मॅडमनी उत्तर भरलं, पुढचं बटण दाबलं आणि मग त्या शब्दापाशी परत आल्या. "आल्याचा?" त्यांनी विचारलं.

मुलाखत संपल्याबरोबर उत्तम पुन्हा अस्तित्वात आला आणि एका दमात सगळं बोलला. विनीतला आत बोलावलं. किटली आणवली. मॅडमनी एक घोट घेतला, किटलीत पाहिलं, पुन्हा घोट घेतला. त्या मूर्ख नव्हत्या. हा बिनदुधाचा चहा आहे हे त्यांना पटलं आणि तो चांगला आहे हेही पटलं. पण टॅबलेटला पटायची सोय नव्हती. एकदा भरलेलं उत्तर पुसता येत नाही, कारण पूर्वी लोक ते पुसायला लावत. पडद्यावर आता एक लाल चौकोन आला होता : कामगाराच्या सांगण्यानुसार कोळसा रोज दोन वेळा वाटला जातो, मालकांच्या संमतीने. याला फक्त खुलासा जोडता येत होता. खुलासा त्याच कामगाराने, स्वतःच्या आवाजात, मूळ कारणासकट द्यायचा. मूळ कारण नसेल तर चौकोन लालच राहणार. आणि एक जरी चौकोन लाल असला तर प्रमाणपत्र नाही.

"सोपं आहे," मॅडम म्हणाल्या. "मावशी, जगात याला सगळे काळा चहा म्हणतात. तुम्ही कोळसा का म्हणता, एवढंच इथे बोला."

ठमाबाईने पदर सावरला आणि भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाली, "तो शब्द मना घेता येत नाय."

"कुठला?"

"चायच्या आदी जो तुमी बोललाव तो."

"काळा?"

"तोच. मालकाचं नाव हाय."

विनीत दचकला. मालकांचं नाव भूपेंद्रभाई होतं. उत्तमने त्याला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, की नवऱ्याचं म्हणतेय ती.

मग उलगडत गेलं ते असं. चाळीस वर्षांच्या संसारात ठमाबाईने नवऱ्याचं नाव एकदाही घेतलेलं नव्हतं. आणि नाव घ्यायचं नाही म्हणजे नावाच्या जवळपासचंही काही घ्यायचं नाही. तिच्या बोलण्यात रात्र कोळशासारखी होती, म्हैस कोळशाची होती, ढग कोळसले होते, आणि बिनदुधाचा चहा हा कोळसा होता. रेशनच्या रांगेत नाव सुनेने सांगितलं, मतदानाच्या यादीत शेजारणीने दाखवलं. गावात नवऱ्याला सगळे दाजी म्हणत, त्यामुळे खरं नाव कारखान्यात कुणालाच माहीत नव्हतं. विनीतने अंदाज करायला सुरुवात केली. काळू? काळोजी? काळेश्वर असं नाव असतं का? ठमाबाई प्रत्येक नावाला मान फिरवत होती आणि ज्या वेगाने फिरवत होती त्यावरून आपण जवळ येतोय असं त्याला वाटत होतं. पण मॅडम म्हणाल्या, उपयोग नाही. मूळ कारण तिच्याच आवाजात हवं.

ठमाबाई नाही म्हणाली. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, हे तिला तिच्या आईने सांगितलं होतं आणि आईने एकदा रागाच्या भरात घेतलं तेव्हा बाप आठवड्याभरात होडीवरून पडला होता. मेला नाही, पण पडला.

उत्तमने मधेच जाऊन भट्टीत चार दांडके टाकले. परत आला तेव्हा त्याला उभं राहवेना, म्हणून तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. बावीस वर्षांत त्याने कारखान्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. कसं मागतात तेही त्याला नीट येत नव्हतं.

"ठमाबाय, माझा खांदा गेलाय बघ," तो म्हणाला. "हे पास झालं तर दुसरा माणूस देणारेत मला."

"तुना दुसरा मानूस पायजे," ठमाबाई म्हणाली. "मना तं एकच हाय."

उत्तम उठला, दांडके टाकले, पुन्हा येऊन बसला. तीन वेळा असं झालं. तिसऱ्या वेळी बसताना त्याचा खांदा कट्कन वाजला, सगळ्यांना ऐकू जाईल एवढा. ठमाबाईने त्या खांद्याकडे पाहिलं.

"जल्लं तुजं बॉयलर," ती म्हणाली. "कवाधरना असा वाजतो?"

दिवाळीपासून, उत्तमने सांगितलं.

तेव्हा उर्वी मॅडमच हळूच बोलल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांनाही पटत नव्हतं, की हे आपण कामाच्या वेळेत बोलतोय. "मावशी, उखाण्यात घेतलं तर चालतं ना?"

ठमाबाईने विचार केला. उखाण्यात चालतं. पण उखाणा उगाच घेत नाहीत. लग्नात घेतात, हळदीकुंकवाला घेतात, लोक आग्रह करतात तेव्हा घेतात. हितं काय हाय?

मग जे हितं नव्हतं ते जमवायला लागलं. दसऱ्याला बॉयलरची पूजा व्हायची, तिचा हळदीकुंकवाचा करंडा पाण्याच्या टाकीमागे होता. तो काढला. आग्रहाला माणसं हवीत म्हणून रंगखात्यातून बोलावली. निळे-हिरवे हात घेऊन चौदा माणसं बॉयलरभोवती उभी राहिली आणि आपल्याला कशाला बोलावलंय हे कुणाला कळेना. मॅडमनी हेल्मेट काढून ठमाबाईला हळदकुंकू लावलं. ठमाबाईने करंडा घेऊन त्यांना उलट लावलं आणि विचारलं, लगीन झालंय ना. झालंय, मॅडम म्हणाल्या. मग आदी तुमी, ठमाबाई म्हणाली.

मॅडमनी एक उखाणा घेतला. पहिल्या ओळीत पुण्याचा उल्लेख होता आणि दुसऱ्या ओळीत नवऱ्याचा, पण या दोघांचा एकमेकांशी काही संबंध जुळला नाही. तरी चौदा माणसांनी टाळ्या वाजवल्या.

विनीतने कंपनीच्या वतीने आग्रह केला. "आम्ही आपल्याला नाव घेण्याची नम्र विनंती करतो," असं तो म्हणाला. रंगखात्यातल्यांनी मग तो नीट केला : घ्या हो ठमाबाय, घ्या, लाजताय काय. मॅडमनी टॅबलेट पुढे धरला. उत्तम हातात दांडका घेऊन भट्टीच्या तोंडाशी उभा होता. टाकायची वेळ झाली होती, पण त्याने टाकला नाही.

ठमाबाईने डोळे मिटले आणि खाडीपलीकडे जाईल अशा आवाजात म्हटलं,

"कोलशाचं पानी नि लाकराची आग,
कालूरामाचं नाव घेतलं, बाय, सोरा आता राग."

वाफेचा काटा साडेपाचावर उतरला होता. रंगखात्यातून डाय मास्टरची शिवी ऐकू आली. उत्तमने दांडका टाकला.

टॅबलेटने ते घेतलं. मूळ कारण मिळालं, चौकोन लालाचा पिवळा झाला. पिवळा म्हणजे वर पाठवून विचारू. ठमाबाई ग्लास तिथेच टाकून थेट घरी गेली आणि पुढचे तीन दिवस कामावर आली नाही. नंतर कळलं, की त्या तीन दिवसांत तिने काळूरामाला होडीवर, जिन्यावर आणि स्टुलावर चढू दिलं नाही. चौथ्या दिवशी त्यानेच तिला घराबाहेर काढलं.

उखाण्याचं इंग्रजी विनीतने केलं. इंग्रजीत तो खंडणीच्या चिठ्ठीसारखा वाटत होता. तीन आठवड्यांनी परदेशातून प्रश्न आला : काळूराम हे आपले इंधन पुरवठादार आहेत का? असल्यास त्यांचे प्रमाणपत्र जोडावे. विनीतने कळवलं, की नाहीत, ते पती आहेत. आणखी दोन आठवडे काही आलं नाही. या दिवसांत उत्तमने सहा-सहा मिनिटांनी दांडके टाकले आणि घरी जाऊन उजवा हात उशीवर ठेवला, जणू दुसऱ्या कुणाचा होता. कल्पिता रात्री त्याला तेल चोळायची आणि विचारायची, काही कळलं का. तो म्हणायचा, काळूरामावर अडलंय.

मग प्रमाणपत्र आलं. चौकटीत बसवून ते मालकांच्या केबिनमध्ये मनीप्लांटशेजारी लागलं. आणि मालकांनी शब्द पाळला, हे मान्य करायला हवं. एक तारखेला दुसरा माणूस आला.

त्याचं नाव भावेश. शहाडचा, चाळिशी ओलांडलेला, लायसनवाला फायरमन, म्हणजे भट्टीवाला. फार बोलत नसे. पहिल्या दिवशी त्याने पोत्यांकडे पाहिलं, भट्टीकडे पाहिलं, उत्तमच्या खांद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुम्ही बसा."

उत्तमला बसता येईना. कँटीनमधून आणलेली प्लॅस्टिकची खुर्ची भिंतीशी मांडली होती, पण सहाव्या मिनिटाला तो आपोआप उठायचा आणि भावेशच्या मागे जाऊन उभा राहायचा, एस्टी स्टँडवर उगाच घुटमळणाऱ्या माणसासारखा. तिसऱ्या दिवशी तो दहा मिनिटं बसला. पाचव्या दिवशी त्याला बसल्याबसल्या झोप लागली आणि जाग आली तेव्हा अंगावर कुणीतरी रिकामं पोतं घातलेलं होतं. मग त्यांनी तासातासाच्या पाळ्या लावल्या. नवव्या दिवशी उत्तमने उजव्या हाताने भांग पाडला. सान्वी म्हणाली, बाबा, तुम्ही वेगळे दिसताय. तो आरशात बघत राहिला. सरळ भांग असलेला हा माणूस त्याच्या ओळखीचा होता, पण बऱ्याच दिवसांत भेटला नव्हता.

अकराव्या दिवशी विनीत पेढे घेऊन आला. बिनकोळशाचे टॉवेल तिकडे एवढे खपायला लागले होते, की ऑर्डर दुप्पट झाली होती. विनीतचा आनंद खरा होता. दुप्पट टॉवेल म्हणजे दुप्पट लाकूड, हे त्याने बोटांवर मोजून दाखवलं, दुप्पट हरित. मालकांनी दुसरा बॉयलर मागवलाय. माणसं तर आपल्याकडे दोन आहेतच.

भावेश पेढा खात होता. तो खायचा थांबला आणि पेढा पुन्हा कागदात गुंडाळून ठेवला.

बॉयलर मंगळवारी सकाळी आला. ट्रेलर उलटा आत घ्यायचा होता आणि तो एवढा लांब, की शेपूट गेटात शिरलं तरी तोंड रस्त्यापलीकडे होतं. ड्रायव्हरला मागचं काही दिसेना. विनीत पुढे उभा राहून दोन्ही हातांनी खुणा करत होता आणि त्या खुणांचा अर्थ एकाच वेळी 'या' आणि 'थांबा' असा होत होता. ट्रेलरचा मागचा कोपरा भिंतीला घासला. चार विटा पडल्या.

उत्तम खुर्चीवरून हे बघत होता. त्याची पाळी बसायची होती, अजून चाळीस मिनिटं शिल्लक होती. त्याने थोडा वेळ वाट पाहिली, की दुसरं कुणीतरी उठेल. मग तो उठला, ट्रेलरच्या मागे जाऊन उभा राहिला आणि पत्र्यावर थाप मारली.

ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून ओरडून विचारलं, मागे जागा आहे का.

उत्तमने वळून पाहिलं. जुन्या बॉयलरपासून भिंतीपर्यंत जागा होती, चांगली बारा फूट. मधे फक्त एक खुर्ची होती. ती त्याने उचलली आणि बाहेर उन्हात नेऊन ठेवली.

"येऊ दे," तो म्हणाला. "येऊ दे, येऊ दे. सरळ येऊ दे."